थांबायचं तेवढं सांगून जायचं होतं

प्रिय किसनदादा,

काल तुह्या पोरीचं, संगीताचं लग्न लागलं. मांडव सुटला, पाहुणे गेले, अन् मी ढोल बाजूले ठेवून तुले लिहायले बसलो. दुसऱ्या कोणाजवळ बोलू गा? तू क्लॅरनेट घेऊन बँडच्या पुढे अन् मी ढोल घेऊन मागे, अशीच आपली जिंदगी गेली ढाणकीच्या रस्त्यानं.

रागावलोच आहे मी तुह्यावर! छातीत कळा येऊन राह्यल्या हे एका शब्दानं सांगतलं नाही. म्हणे, पित्त झालं! पित्तानं माणूस असा जाते का?

कापसाचा भाव पडला अन् लोकांनी लग्नात बँड लावणंच सोडलं, आठवते? तरी दर मंगळवारी बाजार उठला की तू आमाले मारुतीच्या पारावर बोलवतच होता. मी करवादत होतो, "लग्न नाही, बारसं नाही, कायले वाजवायचं?" तू म्हणे, "घरी बसला तं हात विसरते."

तू गेला अन् रहीमभाईनं आपला ट्रम्पेट फडक्यात गुंडाळला. संगीताचं लग्न वाजवायचं अन् बँड मोडायचा, असं आमचं ठरलं. मीही हो म्हटलं. तुह्याबिगर कोणाच्या मागे चालायचं?

काल शेवटचं म्हणून उभे राह्यलो. सुरुवात झकास झाली. वरात मांडवाजवळ आली, नवरदेव घामाघूम. पण थांबायचं कसं? तू क्लॅरनेटचं तोंड वर उचललं की आम्ही एका ठोक्यात बंद! इतक्या वर्षांत दुसरी खूण आमाले माहीतच नाही. मी थांबलो तं रहीमभाई पुन्हा मुखडा धरे. तो थांबला तं ताशावाला पांडू सुरूच. मंग मी पुन्हा ढोल धरू. भटजी ओरडले, "अरे, मुहूर्त चालला ना!" लोकं हसून राह्यले. मले मात्र रडू फुटलं, दादा. रडत रडत वाजवत होतो. एवढं शिकवून जाता नव्हतं येत का तुले?

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली संगीता दारात आली. बायका ओढून राह्यल्या, "काहून बाहेर चालली गं?" पोरीनं ऐकलं नाही. आमच्याकडे पाह्यलं अन् हिरव्या चुड्याचा हात सरळ वर केला. सगळे बंद! एका ठोक्यात!

रहीमभाई रस्त्यातच खाली बसला. संगीता जवळ येऊन म्हणे, "काका, बाबा गेले म्हणून बँड कायले मोडता? तुमच्यातल्याच एकानं हात वर करा ना." बाप्पा! आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रहीमभाई उठला अन् ट्रम्पेटची धूळ पुसाले लागला.

आज सकाळी पोरगी मुकुटबनले सासरी गेली. तू पाह्यजे होता रे दादा. तिले गाडीत बसवायले तरी पाह्यजे होता.

आम्ही पुसदचं एक लग्न घेतलं. पुढे मी चालतो. ढोलवाला पुढे बरा दिसत नाही म्हणून तू शिव्या देशील, तं दे. तुह्यासारखं काही जमणार नाही मले. पण वचन देतो, बँड मोडत नाही. अन् तुही आठवण आली तं वाजवून झाल्यावर रडू, वाजवताना नाही.

तुहा,
भाऊराव ढोलवाला