अम्मीच्या दोन कोंबड्या

नेर
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुबीना,

आज शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले, भात टाकला, कपडे वाळत घातले. चारच्या सुमारास तुझ्या अम्मीकडे डबा परत द्यायला गेले. त्यांनी चहा केला. निघताना दोन्ही कोंबड्या पाय बांधून पिशवीत घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "ले जा बेटी. मैं तो रुबीना के साथ जा रही ना, मेरे को अब क्या करना इनका?" मी पिशवी घेतली आणि आले. कोंबड्या आता अंगणात डाल्याखाली आहेत. एक गप्प आहे, एक सारखी ओरडते आहे.

तू वणीला सासरी पोचलीस आणि बॅगा भरायला सुरुवात झाली, हे अम्मींकडूनच कळलं. जमीरभाईंनी तुम्हा दोघांसाठी सौदीत दम्मामला दोन खोल्यांचं घर घेतलं, तेही कळलं. बरं वाटलं. तुझा फोन दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही. फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. बा गेल्यावर तू भेटायला आलीस तेव्हाही मी नुसती बसून राहिले. तू विचारलंस की बा असे अचानक कसे गेले, आणि मी म्हटलं, वय झालं होतं. ते खरं नव्हतं. आज लिहून सांगते.

गेल्या डिसेंबरात कपिल दुबईहून तीन आठवड्यांच्या सुटीवर आला होता. वहिनी आणि दोन्ही मुलं सोबत. दुबईचं आवरून ते कॅनडाला जाणार होते, त्याआधीची ही शेवटची सुटी. तांड्यात गाडी शिरली तेव्हा सगळे जमले. तांड्याचे प्रमुख, नायकही येऊन बसले होते. चारचौघांत कपिल मोठ्यानं म्हणाला, "बा, या टायमाले तुले घेऊनच जातो." लोक हसले, कोणी शिट्टी वाजवली. बांनी फेट्याचा शेव तोंडावर धरला.

पाणी कपिलनं यवतमाळहून बाटल्यांतून आणलं होतं, प्यायचं आणि चूळ भरायचंही. बांनी नातवाच्या गालाला हात लावला की वहिनी ओला कागद काढून गाल पुसायची, बांच्या समोरच. दोन दिवस वाघ पाहायला टिपेश्वरला गेले. बांना जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून ते घरी राहिले आणि त्यांच्या बाटल्या उन्हातून सावलीत ठेवत बसले. एके दिवशी व्हिडिओसाठी कपिलनं त्यांना जुना लाल फेटा बांधायला लावला आणि मानीबाईच्या बैलांमागून चालायला लावलं. मानीबाई म्हणजे शेजारची, तू तिच्याकडे बोरं खाल्ली आहेत. मी उभी होते. बा चालले. कपिल म्हणाला, "परत एक डाव, बा. ऊन तोंडावर येऊ दे." बा परत चालले. असे चार डाव.

मग तयारी सुरू झाली. नागपूरहून लोकरीचे कपडे आले, मानीबाईनं तिखट कुटून दिलं, मी मुगाच्या वड्या घातल्या. अंगणात बॅगा मांडून कपिल एकेक बॅग हातातल्या लटकत्या काट्याला अडकवून वजन पाहायचा. बा शेजारी बसून पाहत होते. मग उठून आत गेले आणि त्यांनी एक गाठोडं आणलं. आत एक धोतर, घोंगडी, अडकित्ता आणि याडीची आरसे लावलेली ओढणी. तूही आमच्या आईला याडीच म्हणायचीस, तुला ती ओढणी आठवत असेल. बा म्हणाले, "याचं किती भरते, पाह्य बरं." कपिलनं गाठोडं काट्याला अडकवलं. आकडा वाचला. "काहीच नाही बा, लय हलकं आहे!" म्हणून हसला आणि काढून परत त्यांच्या हातात दिलं.

मी त्याला गोठ्यामागे नेऊन विचारलं, बांचा पासपोर्ट तरी काढला आहेस का. तो म्हणाला, "अवो बाई, तो खुश आहे ना? सुट्टीचे चार दिवस हायेत, कायले रडवू त्याले? गेल्यावर फोनवर सांगून देईन." मी म्हटलं, आज सांग. म्हणाला, "तू लय सिरियस आहेस, वर्षा. लहानपणापासून."

तुला आमच्या बांची एक गोष्ट सांगते. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणाऱ्यांतले. मुक्काम हलवायचा तर बाई आपल्या हातानं चूल मोडायची. तिन्ही दगड उचलून बाजूला टाकायची, राख पसरायची. आपल्यामागे आपल्या चुलीवर दुसऱ्याचं भांडं चढू नये, कुत्र्यानं राखेत झोपू नये. आणि मोडलेली चूल परत त्याच जागी मांडायची नाही, मांडली तर घरात कुणाचं तरी जाणं होतं, असं बा सांगायचे. याडी गेल्यापासून ते अंगणात अशाच तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होते. गॅसवरची भाकरी त्यांना नको असायची.

निघायच्या दिवशी मी पोचले तेव्हा चूल मोडलेली होती. दगड बोरीखाली नेऊन ठेवले होते. राख झाडली होती, वर पाणी शिंपडलं होतं. बा आंघोळ करून, धुतलेलं धोतर आणि नवे कापडी बूट घालून गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. गाठोडं मांडीवर. कपिलनं चूल पाहिली. त्याला रीत माहीत आहे, त्यानं याडीकडून शंभरदा ऐकली आहे. तो बराच वेळ डिकी लावत राहिला. मग पुढे आला आणि म्हणाला, "बा, उतर. तुया व्हिसा मागून येते." बांना कळलं नाही. ते म्हणाले, "मंग मी मागं बसू काय?" वहिनी मोबाईलमध्ये पाहत म्हणाली, "बाबा, प्लीज, फ्लाइट आहे ना."

बा उतरले. गाडी सुरू झाली आणि कपिलनं खिडकीतून मोबाईल बाहेर काढून त्यांचा व्हिडिओ घेतला. बा हात हलवत होते. तो व्हिडिओ अजून आहे. खाली गाणं लावलं आहे आणि लिहिलं आहे, 'बाबांचा आशीर्वाद घेऊन नवा प्रवास'. चारशे लोकांनी बदाम पाठवले. मला त्या गाण्याची अजून किळस येते, कुठं वाजलं तर उठून जाते.

बांनी चूल परत मांडली नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कोपऱ्यात मांडू. म्हणाले, "साऱ्याइचा निरोप घेऊन झाला माया. आता कोनत्या तोंडानं मांडू?" नेरला माझ्याकडे चला म्हटलं, तेही नाही. मानीबाई भाकरी द्यायची, अर्धी परत जायची. पहिले काही दिवस पारावर पोरं विचारायची, "देवसिंगकाका, विमान पंक्चर झालं काय?" मग त्यांनीही विचारणं सोडलं. ते जास्त वाईट होतं. बा पारावर जाईनासे झाले. कपिल फोनवर म्हणायचा, प्रोसेस चालू आहे. पोळा झाला आणि बा गेले. आजार असा काही नव्हता. तिरडी बांधताना कपिल कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर होता. जीवननं, माझ्या नवऱ्यानं, मोबाईल धरला होता. कपिल रडत होता, आणि रडता रडता म्हणाला, "भाऊजी, जरा इकडून धरा, उजेड मागून येऊन राह्यला." जीवननं मोबाईल बंद करून खिशात घातला. त्यांना मी तेवढ्यासाठी आयुष्यभर मानीन.

आता हे तुला का लिहिते, ते सांगते. गेल्या आठवड्यात नेरच्या स्टँडवर तू मला म्हणालीस की अम्मी फार रडत होती, म्हणून तिला तसंच म्हटलं की तुलाही घेऊन जाते, आणि तिथं पोचल्यावर खरं काय ते सांगेन. तेव्हाच वणीची गाडी लागली आणि तू चढलीस. रुबीना, तू कपिलसारखी नाहीस, मला माहीत आहे. पण अम्मींनी शिलाई मशीन मोहल्ल्यातल्या मुलीला देऊन टाकली आहे. खोलीत फक्त पलंग आणि बॅग राहिली आहे. मला म्हणाल्या, "रमजान तो उधरीच होंगा. मक्का जाके उमरा भी हो जाएगा मेरा." त्यांचा चेहरा बांसारखा दिसत होता. तुला निघायला अजून दिवस आहेत. उद्याची गाडी धर. ये, त्यांच्यासमोर बस आणि नाही म्हणून सांग. त्या रडतील, तुला बोलतील, कदाचित जेवणार नाहीत. होऊ दे. तू समोर असताना होऊ दे. मशीन आपण मागून आणू. कोंबड्या मी ठेवून घेतलेल्या नाहीत, तू येईपर्यंत सांभाळते आहे. जीवन अजून आले नाहीत, घरी मी एकटीच आहे, आणि ती एक अजून ओरडते आहे. पत्र इथंच थांबवते. उठून डालं उचलते, त्यांचे पाय सोडते आणि मूठभर कण्या टाकते.

तुझीच,
वर्षा