दादाचा एक

३ मार्च
आले बाई एकदाची! खोली छान आहे. खिडकी समुद्राकडे, नळाला गरम पाणी, आणि जिना उतरलं की प्रयोगशाळा. तिच्या दारावर पितळी पाटी : समुद्रसपाटीपासून उंची ११ मीटर. नमुन्यांचं भांडार सांभाळणारे काका म्हणाले, म्हणजे बुडायची काळजी नको. काम माझ्या आवडीचं. समुद्रतळाखालच्या खडकात तेल तयार व्हायची कुवत किती, ते सांगायचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले बारीक जीव चिखलात गाडले जातात, खोल जातात, उष्णतेने शिजतात, त्यांचं तेल होतं. आम्ही त्या थराला स्वयंपाकघरच म्हणतो. चिमूटभर खडक वाटीत घालून यंत्रात तापवायचा आणि बघायचं : कच्चा, शिजलेला, की करपलेला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घरी रोज दूध उतू घालवतेस आणि तिकडे दगड शिजवणार होय!

४ मार्च
पेट्या उघडल्या. दोनशे चौदा कापडी पिशव्या, आणि प्रत्येकीवर दादाचं अक्षर. ठाऊक होतं, तरी एकेक वाचत बसले. समुद्रात खणलेल्या याच तेलविहिरीच्या जहाजावर तो होता. खालून वर येणारा खडकाचा चुरा पिशवीत भरायचा आणि वर खोली मीटरमध्ये लिहायची, हे त्याचं काम. अकरा वर्षांपूर्वी विहीर उसळली, खालच्या दाबाने तेल-वायू वर फुटला. सात माणसं गेली, आणि आठवा दादा. तो सापडलाच नाही. चौकशीत ठरलं की त्याने धोक्याची खोली ३९९० मीटर कळवली, धोका आला ३११० ला. सगळं खापर त्याच्या माथी फुटलं. आईने त्याचा फोटो कपाटात ठेवला तो ठेवलाच. त्या सात घरांना तोंड कसं दाखवू, म्हणते. मी तेव्हा सुट्टीत त्याच्या कंपनीच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसात टायपिंग करत होते. दादानेच चिकटवलं होतं.

६ मार्च
काकांनी 2११0 ची पिशवी 2990 च्या खणात ठेवली. त्यांचा काय दोष! दादा बाकी आकडे इंग्रजी काढायचा, एक तेवढा मराठी. शाळेतली खोड. मराठी एक आणि इंग्रजी नऊ म्हणजे दिसायला सख्खी भावंडं. मी काकांना म्हटलं, आमच्या दादाचा एक ओळखायला घरचंच माणूस लागतं. दोघंही पोट धरून हसलो.
जेवताना ताट सारून दोन्ही आकडे लिहून पाहिले. 3११0. 3990.

७ मार्च
चौकशीची फाइल काढली. दादाचा फॅक्स आहे : 3११0 ला दाब वाढेल, हळू जा. अरे देवा, त्याने बरोबर लिहिलं होतं! मागे टाइप केलेली प्रत, चौकशीने तीच वाचली. 3990. कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं. माझी.
घरचंच माणूस बसलं होतं तिथे.
कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. आईशी हवापाण्याचं बोलले.

८ मार्च
टेबलावर दोनशे पंधरावी पिशवी. यादीत नाही. ओली. वर दादाच्या हातचं 3११0. चिमूट यंत्रात ठेवली, तर तापवायच्या आधीच तापमानाचा आकडा सदतीस. माणसाच्या अंगाइतका. काका म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. पण बाकीचे नमुने ठीक येताहेत.

९ मार्च
आणखी एक. 2400. हातात धरली तर कोमट. दादा म्हणायचा, बारके, खालचं वर यायला वेळ लागतो, पण येतं.

१० मार्च
१200. आईचा फोन आला. तिथे त्याचा एखादा कागद सापडला का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं. बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मला लाज वाटते स्वतःची.

११ मार्च
१११. मागच्या बाजूला बारीक अक्षरात : बारके, नीट वाच.

१२ मार्च
0.
खिडकी बंद केली आहे. जिन्यावर पाणी. काका पुसताहेत, म्हणतात पाइप गळतोय. चव घेतली— खारट.

१३ मार्च, सकाळ
+११.
नऊ नाही वाचले. एक आणि एक. दारावरच्या पाटीवरचे अकरा मीटर.
काका आले नाहीत— दाराखालून पाणी येतंय—
कागद बाहेर काढलाय. रागावलास का रे? घाबरले होते मी, दादा, नुसती घाबरले होते—
आईला फोन लावलाय. वाजतोय. उचल गं—
बाहेरून म्हणाला, बारके. अगदी हळू. जेवायला बोलवायचा तसा.
येते रे. आधी लिहू दे. आई, फोटो बाहेर काढ, दादाने एकच लिहिला होता, तो नऊ मी टा