कुंकू लावलेली सळई

विद्यानगर, हैदराबाद
९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय सावित्री,

दादाचे आशीर्वाद. ‘इकडे सर्व कुशल’ असं लिहायला हात आपोआप वळला होता, तो थांबवला. तुझे गुडघे कसे आहेत? प्रणिताबरोबर तेलाची बाटली पाठवतोय, आणि तुला आवडतात म्हणून उस्मानिया बिस्किटं. एसटीत चुरा झाला तर चहात चमच्याने खा, चव तीच लागते.

फोन तू उचलत नाहीस. मंगळवारी उचललास आणि जे बोललीस, त्यानंतर पुन्हा उचलशील असं वाटत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या सुनेच्या, प्रणिताच्या हाती देतोय. ती तेलुगू शाळेत शिकलेली, मराठी बोलते छान, पण माझं अक्षर तिला लागत नाही. काय लिहिणार ते तिने विचारलं नाही. “मामा, चांगलं लिहा,” एवढंच म्हणाली आणि माझा उष्टा कप विसळायला आत गेली. चांगलं कसं लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

सकाळपासून उदगीरची शाळा डोळ्यांसमोर आहे. पत्र्याची खोली, दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. शनिवारी गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे. तू लाकडी पट्टी तलवारीसारखी धरायचीस, परकराचा ओचा खोचायचीस आणि अशी काही सुरू व्हायचीस की मुलगे गप्प! मी वरच्या वर्गातला, खिडकीतून ऐकायचो. अवघड कडवं आलं की तू ते सरळ गाळायचीस आणि पुढच्यावर उडी मारायचीस, तीही इतक्या ठसक्यात, की गुरुजींनासुद्धा वाटायचं ते कडवं पुस्तकात नसावंच. मला कळायचं. मी कधी सांगितलं नाही. मला त्यात गंमत वाटायची.

त्या पुस्तकांत तलवारी फार होत्या, नाही? भाले, तोफा, रणशिंगं. इतक्या कविता पाठ केल्या, पण कुणाला लागून तो कळवळला, पाणी मागू लागला, असं आठवत नाही. लागलं की पुढच्या ओळीत तो थेट स्वर्गात. मी सत्तरी ओलांडली तरी त्याच ओळी गुणगुणत फिरत होतो. खंडेनवमीपर्यंत.

तुला त्या दिवशीचा फोटो आठवत असेल. घरच्या ग्रुपवर मीच टाकला होता. तुझ्या नातीने, ईशाने, त्याला लाल बदाम दिला, तू हात जोडलेस.

दरवर्षी तुझा संदेश मला त्याच्या कारखान्यात न्यायला येतो. बापामागे वडीलधारा म्हणून पूजा माझ्या हातून. यंदाही पाटावर पांढरं कापड, त्यावर हत्यारं ओळीने मांडलेली: ड्रिल, पाने, मायक्रोमीटर, लेथचा जबडा. झेंडूचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र झाला की मला कसं भरून येतं, ते तुला ठाऊक आहे. ओळीच्या शेवटी लाल फडक्यात गुंडाळलेली एक लांब सळई होती, टोकाला बोटभर वेगळी घडण. संदेशने फडकं स्वतः सोडलं. बाकी सगळ्यांना एकेक फूल, हिला पूर्ण हार.

“ही रे कशाची?”

“पंपाची आहे मामा. तुम्ही कुंकू लावा.”

मी अनामिकेने कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या. आरती झाल्यावर कामगार म्हणाले, “बड़े साब, हर साल का हो जाए!” मी डोळे मिटून तलवारीची ती कविता म्हटली, तू पट्टी घेऊन म्हणायचीस तीच. त्यांना एक शब्द कळत नाही, पण टाळ्या बडवतात. फोटो काढला, ग्रुपवर टाकला.

दसऱ्याला संध्याकाळी माझ्या मंगलाच्या अभिजीतचा पुण्याहून फोन, तिथे शस्त्रांच्या कारखान्यात आहे तो. सोनं घ्या, सोनं द्या काही नाही. “आजोबा, तो फोटो ग्रुपवरून आधी काढून टाका. ती शेवटची सळई पंपाची नाहीये. बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा पाडतात, त्याचं हत्यार आहे ते.” मी म्हटलं, तुझं काहीतरी चुकतंय. तो म्हणाला, “माझं चुकलं तर मी माफी मागेन. तुम्ही फोटो काढा.”

आता विचार करतो, संदेशने ती सळई त्या दिवशी लपवली का नाही? माळ्यावर टाकून द्यायची होती. पण तू वाढवलेला मुलगा ना तो! वर्षभर ज्याने हात चालवला ते हत्यार खंडेनवमीला पूजेवाचून ठेवायचं, हे त्याच्या जिवाला पटलं नाही. कायद्याला भ्याला नाही, पूजा चुकण्याला भ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखाना गाठला. मला वाटलं होतं तो नाकारेल. नाकारलं असतं तर मी मानलंही असतं, सावित्री, इतकी माझी तयारी होती. पण तो हसला. “मामा, तुम्हाला त्याच्यात पडायला नक्को. मी बंदूक करत नाही. नळी करतो. नुसत्या नळीने कोणी मरतं का? पाइपच आहे तो.”

“मग पाइप म्हणून विक की चौकात.”

त्याने लेथवर हात ठेवला. मग म्हणाला, “अशी नळी या शहरात दुसऱ्या कोणाला जमत नाही, मामा. लेथच्या आवाजावरून सांगतो मी, आतून कुठे खरखरीत राहिली ते.” आणि हे सांगताना त्याचा चेहरा कसा झाला होता म्हणू? कविता म्हणताना तुझा व्हायचा ना, तसा.

“किती दिल्यास?”

“मोजल्या नाहीत.”

केसाच्या जाडीइतका फरक मोजणारा माणूस. मोजल्या नाहीत म्हणाला.

त्याच संध्याकाळी दिलसुखनगरला सोनाराच्या दुकानावर दोघे आले. पळताना गोळी झाडली, ती दुकानात कोणालाच लागली नाही. समोर उसाच्या रसाच्या गाड्याशी क्लासच्या मुली उभ्या होत्या, त्यांतल्या एकीला लागली. तू मंगळवारी म्हणालीस, “पेपरवाले काहीही छापतात.” म्हणून सांगतो, मी पेपरवर राहिलो नाही. काल दवाखान्यात जाऊन आलो.

ते नंतर लिहितो. आधी सोमवारचं.

सोमवारी ते दोघे सापडल्याची बातमी टीव्हीवर आली. पिस्तूल गावठी, पण नळी सफाईदार, ती करणाऱ्याचा शोध चालू आहे, असं सांगितलं. भरदुपारी संदेश माझ्या दारात. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. हातातली सळई त्याच लाल फडक्यात. “मामा, ती नळी माझीच असेल. हे मुशी नदीत टाका. तुमच्याकडे कोण बघतंय?” पाणीसुद्धा न घेता गेला. कुठे जातोस म्हणून मी विचारलं नाही. आईखेरीज तो जाणार कुठे.

हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. सळई माझ्याकडे आहे, सावित्री.

मंगळवारी तुझा फोन ठेवला आणि ती पिशवीत घालून, वरून देवाचं निर्माल्य भरून, मुशीच्या पुलावर गेलो. मनाशी म्हणत होतो, पूजेची वस्तू आहे, पाण्यातच सोडायची असते, यात काय वावगं? कठड्याला आता उंच जाळी आहे. मी टाचा उंचावून बघतोय, तेवढ्यात एक बाई आली, तिच्याही हातात निर्माल्य. “अंकल, लाओ इधर, मैं डालतूं. आप झुको नक्को, गिर जाते.” पिशवीला हात घातला तिने. मी ती अशी हिसकावली की झेंडू सगळा रस्त्यावर. ती बघतच राहिली. “क्या है अंकल, सोना है क्या उसमें?” मी हसलो. माझं हसणं मला ऐकू आलं आणि भीती वाटली.

रिक्षात बसून फडकं जरा सरकवलं. टोकाशी माझं कुंकू तसंच होतं, वाळून काळपट झालेलं. पुन्हा झाकलं आणि घरी आणली. कवितांच्या पुस्तकांच्या कपाटात मागे उभी केली आहे. तेव्हापासून मी त्या कपाटातलं एक पुस्तक काढलेलं नाही.

आता काल.

दवाखान्यात मी आत गेलोच नाही. बाहेर बाकावर बसलो, फळांची पिशवी मांडीवर. मुलीचं नाव गौरी. गोळी पाठीच्या कण्याशी लागली आहे. जीव वाचला. पाय हलत नाहीत, पुढे हलतील की नाही डॉक्टर सांगत नाहीत. वडील भैंसा गावचे, डाळीच्या गिरणीत कामाला. नर्सशी मी मराठीत अडखळलो ते त्यांनी ऐकलं आणि लगबगीने जवळ आले. परक्या शहरात आपली भाषा ऐकली की माणूस कसा धावतो! “आपल्याकडले दिसता. बसा, बसा. चहा घेणार? कोणाकडले म्हणायचे तुम्ही?”

कोणाकडले. जन्मभर या प्रश्नाचं उत्तर मी छाती काढून दिलं आहे. गाव, आडनाव, मामाकुळी, सगळं एका दमात. काल नुसतंच “असाच आलो,” म्हटलं. ते म्हणाले, “देव भलं करो तुमचं.” स्वतःच्या पैशाने चहा पाजला मला. मी प्यालो, सावित्री.

तिथून हर्षवर्धन वकिलाकडे गेलो, आपल्या अविनाशचा मुलगा. कोणाचं नाव न घेता विचारलं. तो म्हणाला, “काका, पूर्वी बेकायदा हत्यार बनवलं तर तीन ते सात वर्षं होती. आता सातापासून सुरुवात आणि जन्मठेपेपर्यंत. आणि फक्त नळीच केली, ही सबब चालत नाही. सुटा भाग, तो बनवायचं यंत्र, सगळं शस्त्रातच धरतात.” मी विचारलं, समजा कोणी त्यातलं काही घरात ठेवलं असेल तर? तो चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. “काका, समजा नक्को. नाव सांगा.”

मी सांगितलं. दोन्ही नावं, त्याचं आणि माझं.

तो म्हणाला, स्वतः हजर झाला, नळ्या कोणाला दिल्या ते सांगितलं, तर न्यायाधीश ते बघतील. किती बघतील याचं वचन तो देत नाही.

तू फोनवर म्हणालीस ते माझ्या कानातून जात नाही. “कायदा आधीचा असता तर मीच त्याला कानाला धरून आणला असता. तीन वर्षं उंबऱ्यावर बसून काढली असती. सात वर्षं, जन्मठेप, मी काय मसणात बसून त्याची वाट बघू?” शिक्षा वाढली तेव्हा बागेतल्या बाकावर बसून ‘अशांना असंच पाहिजे’ म्हणणारा मीच. तेव्हा ‘असे’ म्हणजे कोण, ते माहीत नव्हतं. त्यांना पुरणपोळीवर दूध लागतं, तूप नाही, हे माहीत नव्हतं. तू म्हणतेस तसं, शिक्षा जबर झाली म्हणून तो तुझ्या माजघरात लपला आहे. खरं असेल. पण तो तिथे लपून आहे तोवर त्याच्या बाकीच्या नळ्या बाहेर आहेत. त्या कोणाकडे गेल्या, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. न मोजलेल्या नळ्या. उद्या आणखी कुठल्या रसाच्या गाड्याशी कोण उभं असेल?

नळी चांगली होती, सावित्री. म्हणून तर गोळी सरळ गेली.

येत्या सोमवारी सकाळी, कोर्ट उघडायच्या वेळेला, मी नामपल्लीला फाटकाशी उभा असेन. हर्षवर्धनही येणार आहे. संदेश आला तर आम्ही तिघं आत जाऊ, आणि पहिलं पाऊल त्याचं असू देईन. नाही आला तर मी आणि माझी पिशवी आत जाऊ. ती कोणी दिली ते मला विचारतील, तो कुठे आहे तेही विचारतील. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, गेल्या आठवड्यात पुष्कळ बोललो. तिथे नाही बोलणार. म्हणजे सोमवारी संध्याकाळपर्यंत कोणीतरी तुझ्या दाराशी येईलच. त्याने बसने यावं की जीपमधून, एवढंच तुमच्या हातात उरलं आहे.

प्रणिताला हे ठाऊक नाही. तिला आधी जेवू घाल, मग सांग.

आणि एक. संदेशला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तूच त्याला वाचून दाखवणार. माजघरात, दार लावून, चष्मा पुसत. मला तुझा आवाज इथे ऐकू येतोय. दवाखान्यापाशी येशील तेव्हा आवाज अडकेल, आणि तुझी जुनी खोड मला माहीत आहे. गुरुजींना नाही सांगितलं मी कधी. पण हे कडवं गाळू नकोस. पट्टी खाली ठेव आणि ओळ न् ओळ वाच.

सोमवारी फाटकाशी वाट बघणारा,
आणि त्यानंतरही, तू म्हणू दिलंस तर,
तुझा दादा