न विचारता जाण्याचा हक्क

चिरंजीव धाकट्यास भावोजींचे अनेक उत्तम आशीर्वाद. (साठी उलटलेल्या मेव्हण्यास 'चिरंजीव' लिहिताना लेखणी अडखळते, परंतु नाते बदललेले नाही, तेव्हा मायनाही बदलता येत नाही.) तुझ्या गुडघ्यांची, सूनबाईंच्या खोकल्याची आणि तुझ्या गाडीची प्रकृती कशी आहे, ते सविस्तर कळवावेस. मागच्या खेपेप्रमाणे 'सर्व ठीक' एवढेच लिहून पाठवू नयेस. त्यात क्रियापद नाही आणि माहितीही नाही. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे, आणि या घरात सध्या तेवढीच उत्तम आहे.

तुला आपली पाणंद आठवत असेलच. आमच्या दारापासून निघून, दोन शेतांच्या कुंपणांमधून, ओढा ओलांडून थोरल्या ताईंच्या अंगणात जाऊन संपणारी. तुझी मधली बहीण, म्हणजे माझी पत्नी, आता काठी घेऊनही चार पावले टाकू शकत नाही. आणि ताईंचा प्रवास खाटेपासून खिडकीपर्यंतच उरला आहे. म्हणून रोज दुपारी मी मधलीला गाडीत बसवून ताईंकडे नेत असे. दोघी मटार सोलत बसत आणि भांडत. भांडणाचा विषय ठरलेला : आईची कातरी कोणी हरवली. (माझ्या मते ती तू हरवलीस, पण जावयाचे मत या घराण्यात कोणी विचारात घेतल्याचे मला स्मरत नाही.) तर या पाणंदीच्या मध्यावर ज्याचे शेत आहे, त्या शेतमालकाने तेथे फाटक बसवले आणि पाटी लावली की माणसांनी खुशाल जावे, मोटारींना बंदी आहे. ('बंदी'तील दुसरे अक्षर त्याने ऱ्हस्व काढले होते. मी ते खडूने दीर्घ केले. त्याने माझे आभार मानले. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण आहे.) चाकांमुळे त्याचा बांध ढासळतो, असे त्याचे म्हणणे; आणि बांध खरोखरच ढासळतो.

वस्तीने एक वकीलबाई गाठल्या आणि सुनावणी लागली. कायदा असा निघाला की ज्या वाटेने लोकांनी वर्षानुवर्षे उघडपणे आणि कोणालाही न विचारता गाड्या नेल्या, ती वाट वहिवाटीने गाड्यांचीही होते. मात्र विचारून नेल्या असतील, तर ती मालकाची मेहरबानी ठरते, आणि मेहरबानी केव्हाही आवरती घेता येते. आता या कायद्याची खोच मला कोणीतरी आधी सांगावी की नाही? दूधवाल्याने साक्षीत "आठवत नाही बुवा" म्हणून वेळ मारून नेली. लोहाराने तर असे काही खोकून दाखवले की अधिकाऱ्यांनी त्याला पाणी दिले आणि घरी पाठवले. मुख्य साक्षीदार मी. कारण माझे उच्चार स्वच्छ. अधिकाऱ्यांनी विचारले, गाडी नेताना तुम्ही मालकाला विचारत होता का? मी निवेदन केले की अर्थातच. प्रत्येक वेळी गाडी थांबवून, खाली उतरून, 'आपली हरकत नसल्यास मी पुढे जाऊ का?' असे पूर्ण वाक्यात विचारत असे. प्रथम याच्या वडिलांना, त्यांच्या पश्चात याला. आणि शेतात कोणी नसेल, तर कोणी येईपर्यंत थांबत असे. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. (मला वाटले, त्या भारावल्या.) त्यामुळे मला आणखी चेव आला, आणि वस्तीतील लहानथोरांना हीच शिस्त मी स्वतः लावली आहे, हेही मी आवर्जून सांगितले. निकाल आमच्या विरुद्ध लागला, हे तुझ्यासारख्या चाणाक्ष माणसास वेगळे सांगणे नको.

तेव्हापासून वस्तीत माझी जी शोभा झाली आहे, ती वर्णन करण्याजोगी नाही. दूधवाला दूध मापताना म्हणतो, "एवढं सभ्य कशाला असावं हो माणसानं?" लोहार म्हणतो, "तुम्ही श्वास घेतानाही झाडाला विचारत असाल." वकीलबाईंनी अपील दाखल केले आहे, आणि मला पुढ्यात बसवून बजावले आहे की त्याचा निकाल लागेपर्यंत कोणीही, विशेषतः मी, शेतमालकाकडे परवानगी मागायची नाही, पुन्हा मागितली, तर अपील बुडाले म्हणून समजावे. आणि हा शेतमालक रोज फाटकाशी उभा! "काका, नुसतं 'जाऊ का' म्हणा ना. मी स्वतः उघडतो. मावशींची आबाळ होतेय हो." मी मान फिरवून परत येतो. ज्याने आयुष्यभर विचारल्यावाचून पाऊल टाकले नाही, त्याच्या तोंडाला कुलूप घालणे म्हणजे काय, हे तुला कळणार नाही.

पायी जाण्याचा हक्क अबाधित आहे, म्हणून मी एक युक्ती योजली. सुताराकडून हातगाडी आणली, तीत गादी घातली. मधली म्हणाली, "अहो, मी काय कोबी आहे?" तरी बसली. ओढ्यात चाक निखळले, आणि तुझी बहीण गादीसकट पाण्यात. मी एकटा काय उचलणार? शेतमालक धावत आला, त्याने तिला उचलले आणि स्वतःच्या मोटारीतून घरी आणून सोडले. (त्याची मोटार पाणंदीतून जाऊ शकते.)   त्यानंतर ती अंगणातही येत नाही. मीच पायी जाऊन दोघींचे निरोप पोचवतो. परवा ताई म्हणाल्या, "तिला सांगा, कातरी तिनंच हरवली." मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला आणि तोफ सुटण्याची वाट पाहत उभा राहिलो. मधली भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "असेल. मीच हरवली असेन." धाकट्या, त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

असो. सूनबाईंना व मुलांना आशीर्वाद.

तुझे भावोजी

ता. क. मूळ काम लिहावयाचे राहून गेले. तरुणपणी तू मोटारसायकल घेऊन त्या पाणंदीतून कोणालाही न विचारता सुसाट जात असस. शेतमालकाचे वडील काठी घेऊन मागे धावत, आणि तू मागे वळून हसत असस. त्यावरून मी भरल्या ताटावर तुझी कानउघाडणी केली होती, आणि तेव्हापासून तुझे येणे तुटक झाले. अपिलात एक नवा साक्षीदार चालतो, असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा येऊन आपला सर्व उद्धटपणा अधिकाऱ्यांपुढे तपशीलवार सांगावास. त्यात काहीही गाळू नयेस. व्याकरणाची चिंता करू नयेस.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तोच ताईंची शेजारीण धापा टाकत आली. ताईंनी कालपासून अन्न सोडले आहे आणि मधलीचा धोशा लावला आहे. मी गाडी काढली, मधलीला बसवले. फाटकाशी उतरलो आणि विचारले. पूर्ण वाक्य जमले नाही. "उघड रे बाबा" एवढेच म्हणालो. दूधवाला पाहत होता, म्हणजे एव्हाना साऱ्या वस्तीला कळले असेल. अपील बुडाले, साक्षीची आता गरज नाही.

ताईंनी विचारले, "इतके दिवस कुठं होतीस गं?" मधली म्हणाली, "यांची गाडी बिघडली होती." गाडी बिघडली नव्हती. मी शेजारीच उभा होतो. मी मान डोलावली.

तू ये. सकाळी ताई थोडा वेळ नीट बोलतात. त्या सुमारास पोहोचशील, असा नीघ.