नदीच्या अलीकडे

३ जुलै, गुरुवार

लिफ्ट अजून बंद. तिसरा मजला, खुब्याचं हाड मोडलेली आत्या आणि मी. एकविसावा दिवस.

जयवंताआत्याने आज पुन्हा विचारलं — "मी चुकीच्या काठावर थांबले का गं माय?" शहाऐंशीची आहे. तेव्हा नऊची होती. अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर. सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरलेली. तिची आई आधीच वारलेली. आजोबा, म्हणजे तिचे आबा, बैलगाडी घेऊन नदीपलीकडे. त्यांनी नावाड्याबरोबर निरोप धाडला — धाकट्याला घेऊन नदीच्या अलीकडे थांब. आत्या गावाकडच्या काठावर थांबली. दिवस मावळेपर्यंत. तीन वर्षांचे माझे बाबा तिच्या कडेवर. आजोबा पलीकडच्या रस्त्यावर मेले. गोळी कुणाची, कधीच कळलं नाही.

४ जुलै

चुलतभाऊ उदयने निजामाच्या काळातला नकाशा स्कॅन करून पाठवला. फोनवरच्या नकाशात गावच नाही — तिथे तलाव आहे.

६ जुलै

पलंगभर नकाशे. फौजेची वाट दाखवणाऱ्या बाणावर मराठी पुस्तकात 'मुक्ती', इंग्रजीतल्यावर 'आक्रमण'. बाण तोच! सरकारी कागदात 'पोलीस ॲक्शन'. आत्या नुसतं 'गडबड' म्हणते.

भाग्यलक्ष्मी फरशी पुसता पुसता — "दिनभर नक्शाइच देखते क्या अम्मा? थोडा बाहर जाओ ना." कुठे जाणार! आत्याची हाक दारापर्यंतसुद्धा पोचत नाही.

९ जुलै

अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे? बोलणाऱ्याच्या! आजोबा पलीकडे उभे राहून बोलले. त्यांचं अलीकडे ते आत्याचं पलीकडे. गाडी तिकडे होती, बोलावलं तिकडेच होतं. सत्त्याहत्तर वर्षं एका शब्दात अडकली बिचारी. भाषा शिकवण्यात माझी सगळी हयात गेली, आणि हे आज सुचतंय.

१० जुलै

ट्रेसिंग कागदावर बाण उतरवला, जुन्या नकाशावर ठेवला. बाण पलीकडच्या रस्त्यावरूनच जातो, नदीला लागून. पूल नाही. नावेत बसली असती तर दोन पोरं नेमकी त्या रस्त्यावर उतरली असती. बाबा नसते. मीही नसते.

उद्या सांगते. चूक शब्दाची होती. आणि चुकली म्हणून दोघं वाचली.

११ जुलै

सांगितलं. तिने नकाशावर बोट फिरवलं, गावाच्या काठाशी थांबवलं.

"निरोप 'अलीकडे' नव्हता, माय. 'पलीकडे ये' असाच होता. नावाडी हात धरून ओढत होता. मी पाणी बघितलं आणि खाली बसले. 'अलीकडे' मी नंतर सांगायला लागले."

मग तिने बोट पलीकडच्या रस्त्यावर नेलं —

"आबा दिसत होते. हात करत होते."