उंद्रीच्या उतारावरची लाल गाडी

३ नोव्हें.
बियाणेवाल्या शेठची लाल गाडी चिखलीत माझ्या गॅरेजला आली. वरून परदेशी शर्यतीची, आतून मोडीतली जुनी छोटी कार. फायबरचा सांगाडा चढवून कोणीतरी नक्कल केलीय. हँडब्रेक छातीपर्यंत ओढला तरी चाक मोकळंच. खाली घुसून पाहिलं. दांडा पातळ पत्र्यावर, ओढला की पत्राच वाकतो. डावी केबल भलत्याच गाडीची, वीतभर लांब. ढिलाई लपवायला वॉशरांची माळ. हे ज्यानं बसवलं त्याचं मुंडकं त्याच पत्र्यावर आपटावंसं वाटलं. हातोडा भिंतीवर फेकला. पोपडा पडला, बायको बोलली.

४ नोव्हें.
पत्र्याखाली जाड पट्टी. शेजारच्या मुस्तफाभाईनं वेल्डिंग मारलं. डाव्या चाकातले ब्रेक शू उलटे बसवलेले! काढताना स्प्रिंग उडून गालावर बसली, रक्त. केबल अकोल्याहून मागवली.
उंद्रीहून दादाचा फोन. कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी. बियाण्याचं पाकीट देताना शेठ म्हणाला होता, अळी येणारच नाही. "मंगळवारी गावात येऊन राह्यला तो. येऊ दे त्याले."

६ नोव्हें.
केबल बसली. दांड्यापाशी तेराच्या पान्यानं केबलचा नट आवळला, वर लॉकनट. चढावर उभी करून चौघांनी ढकलली, इंचभर हलली नाही. असं काम वर्षात एखादंच होतं. शेठ म्हणाले, "मिस्त्री, उद्या उंद्रीले सोबत चाला."

७ नोव्हें., मंगळ.
थोडक्यात लिहितो.
ग्रामपंचायतीसमोरच्या उतारावर गाडी उभी केली. हँडब्रेक होताच, तरी सवयीनं चाकाखाली दगड लावला. शेठनं लाथ मारून काढला. "बैलगाडी हाय काय बे? लोक हसतीन."
दादानं बोंड फोडून त्याच्या नाकासमोर धरलं. शेठ म्हणे, फवारणी चुकली तुमची. दादानं बोंड तोंडावर फेकलं. शेठनं दादाच्या कानाखाली वाजवली. भर गावात, पन्नाशीच्या माणसाला. मग काठ्या, दगड, काच फुटली. गाडी सुटली. धक्काबुक्कीत दादा खाली पडला होता, नेमका समोर. भिंत आणि गाडी यांत उजवा पाय.
हाड मोडल्याचा आवाज ऐकला मी.
लोकांनी शेठला रक्त येईपर्यंत तुडवलं. मग मला. "ब्रेक यानंच बसवला!" दोन दात हलतायत. बरं झालं मारलं.

९ नोव्हें.
दादा बुलडाण्याला दवाखान्यात. पाय राहील की जाईल, डॉक्टर बोलत नाहीत.
परवा खोटं लिहिलं. गाडी सुटली नाही, मी सोडली. दादाला थप्पड बसली आणि डोकं फिरलं. फुटक्या काचेतून हात घातला, बटण दाबून दांडा खाली टाकला. शेठची गाडी भिंतीवर फुटावी एवढंच होतं मनात. समोर पाहिलंच नाही. माझा ब्रेक धरून होता, शेवटपर्यंत.

१० नोव्हें.
गाडी पोलीस ठाण्यात उभी आहे. जमादार म्हणाला, उद्या साहेबांसमोर तपासणी, चाक तुम्हीच खोला, ही गाडी दुसऱ्याला उमगत नाही. दांड्याच्या खोक्यात हात घातला की नट लागतो. दीड आटा मागं फिरवला की ब्रेक ढिला. मग दोष कामाचा, हाताचा नाही. पुन्हा चिखलीत कोणी गाडी देणार नाही, पण मी सोडला हे दादाला कळणार नाही.
संध्याकाळी दादा शुद्धीवर होता. माझ्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवला.
"शेठ म्हंते तुह्यं काम ढिलं. म्या साऱ्यायले सांगतलं, माह्या भावाचा ब्रेक सुटत नसते. कोनंतरी सोडला. सापडू दे त्याले, त्याचा पाय म्या मोडतो."
मी पाणी पाजलं. हो म्हणालो.

११ नोव्हें., सकाळ
तेराचा पाना खिशात आहे. दादाचा डबा पिशवीत. ठाणं आधी लागतं, दवाखाना पुढे.