पौडच्या टेबलावर राहून गेलेली ओळ

मी, जयसिंग धोंडिबा फाले, वय ७४, राहणार कोळवण, ता. मुळशी, जि. पुणे, धंदा दस्तलेखन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. डावा डोळा शाबूत नाही, पण त्याच्यावर माझी कधीच भिस्त नव्हती. माझी पत्नी हयात नाही, अपत्य नाही आणि कोणाचा दबावही नाही.

१. राहते घर पुतण्या सुरज यास द्यावे. याने स्वतःची लग्नपत्रिका मला छापून झाल्यावर दाखवली. तारीख एक दिवस अलीकडची होती. मंगळवारी चारशे माणसे जेवायला आली, नवरी बुधवारी आली. घराला अट एवढीच, की यापुढे काहीही छापण्याआधी त्याने ते दुसऱ्या माणसाला वाचायला द्यावे.

२. सुरजची मुलगी किमया हिंजवडीत नोकरी करते. तिला माझा शब्दकोश व भिंग. ऑफिसचे मेल कसे तपासू, असे तिने मला विचारले होते. तेव्हा मी घाईत होतो, आता सांगतो. लिहून झाल्यावर उठून पाणी प्यावे, मग मोठ्याने वाचावे. ओळीखाली पट्टी धरावी. मोबाइलवर बोट चालेल. आकडे एकेक वाचावेत. नावे कागदावरून ताडावीत, आठवणीवरून नाही. आणि आपले लिहिलेले आपण एकट्याने तपासू नये. पानावर जे नसते तेही आपले डोळे वाचून मोकळे होतात.

३. सन २००५ मध्ये डोंगरावरच्या वाडीतले चिंधू मरगळे यांनी आपले खालचे शेत शहरातल्या एका गृहस्थांना विकले. दस्त मी लिहिला. वाडीच्या माणसांना व गुरांना बांधावरून जाणे-येणे खुले राहील, अशी कच्च्या मसुद्यात ओळ होती. पक्क्या दस्तात ती ओळ राहून गेली. नव्या मालकाने कुंपण घातले. तेव्हापासून वाडी डोंगराला वळसा घालून एसटी गाठते. चिंधूंच्या आई सगुणाबाई शेवटच्या आजारात त्याच वळशाने डोलीतून खाली आल्या.

त्या कुंपणाला लागून माझे शेत आहे. त्यातला दहा फूट रुंदीचा तुकडा वाडीच्या रस्त्यासाठी कायम सोडावा, बाकी शेत सुरजचे. हे जिवंतपणीही करता आले असते. पण मग लोकांनी कारण विचारले असते.

४. तहसील कचेरीसमोरचे टेबल, लाकडी पट्टी व लाल पेन्सिलींचा डबा हुस्ना फकरुद्दीन तांबोळी, रा. पौड, यांस. त्या विसाव्या वर्षी माझ्याकडे काम शिकायला आल्या. त्या मूळ कागद मोठ्याने वाचत, मी नकलेवर पट्टी सरकवत असे. दस्ताचे उघडकीस आले तेव्हा चिंधू टेबलापाशी ओरडले, "ह्या पोरीनं वाचताना वळ गाळली, आमची वाट ग्येली!" मी खोकलो. हुस्नाबाईंनी आठवडाभर मी काही बोलतो का ते पाहिले आणि मग रस्त्यापलीकडे स्वतःचे टेबल टाकले. तिथे गर्दी जास्त असते. त्याचा मला राग नाही, असे मी सांगतो. त्यांचा आवाज टेबलावर नाही, याचे मला रोज वाईट वाटते.

दुरुस्ती : मृत्युपत्र मीच लिहिलेले असल्याने ते तपासायला हुस्नाबाईंकडे नेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता ओलांडला. त्या मोठ्याने वाचत होत्या. कलम ३ मध्ये थांबल्या.

"काका, हितं एक शब्द राहिलाय."

"कुठं?"

"वळ राहून गेली म्हंताय. कुणाकडनं?"

"घाल तू."

"न्हाई. तुमच्या हातानं घाला."

त्यानुसार तेथे 'माझ्याकडून' हा शब्द या दुरुस्तीने वाढवत आहे. चिंधूंचा दस्त तपासला त्या दिवशी हुस्नाबाई वाचायला नव्हत्याच. त्यांना मी लवकर घरी पाठवले आणि माझे मीच तपासले. ही दुरुस्ती चिंधू मरगळे यांना आजच वाचून दाखवावी, माझ्या मरणासाठी थांबू नये. रस्ताही आजपासून खुला. कारण आता सांगता येईल.

सही : जयसिंग धोंडिबा फाले
साक्षीदार : १. रूपाली शेडगे, झेरॉक्स दुकान, पौड
२. शहनवाज मुलाणी, चहा दुकान, पौड
ठिकाण : पौड. तारीख : १४ नोव्हेंबर २०२४

तपासणार : हुस्ना फ. तांबोळी (लाभार्थी असल्याने साक्षीदार नाही). शेरा : एक दुरुस्ती. बाकी ठीक.